कोष्टक कोणी लिहायचं?

इंजिन चालू असतं, शेजारच्या सीटवर लॅपटॉप उघडा असतो आणि पडद्यावर आकड्यांचं एक कोष्टक असतं. १२ आडव्या ओळी, १२ उभ्या रांगा, १४४ घरं. एका बाजूला इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे, दुसऱ्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब. प्रत्येक घरातला आकडा सांगतो, की त्या फेऱ्यांना आणि त्या दाबाला सिलिंडर आपल्या मापाच्या किती टक्के हवा ओढून घेतो. ॲक्सिलरेटर दाबला की एक ठिपका या घरातून त्या घरात सरकतो. एका घरातल्या ६२ चे ६५ केले, की इंजिन पुन्हा त्या घरात येईल तेव्हा पेट्रोल तेवढ्या प्रमाणात जास्त पडतं.

घरच्या गॅरेजमध्ये बसून गाडीच्या इंजिनाचं आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं इलेक्ट्रॉनिक्स बदलणारी माणसं मुळात एवढंच करतात: कोष्टकातले आकडे बदलतात. पण हे कोष्टक गाडीत आलं का, डब्यात बंद कसं झालं आणि पुन्हा सामान्य माणसाच्या हाती कसं लागलं, याचा मागोवा घेतला की मोटारीचा गेल्या शतकभराचा इतिहास नव्याने उलगडतो. त्याचा बराचसा भाग अमेरिकेत घडला, काही जर्मनीत, आणि त्याचं एक टोक आता चाकणपर्यंत येऊन पोहोचलं आहे.

पितळ, स्प्रिंग आणि तेल

संगणक येण्याआधीही कोष्टक होतंच, फक्त ते धातूत कोरलेलं होतं. कार्ब्युरेटरच्या पितळी जेटचं भोक किती मोठं, यावर पेट्रोलचं प्रमाण ठरायचं. ठिणगी किती आधी पाडायची, हे डिस्ट्रिब्युटरमधली छोटी वजनं आणि त्यांच्या स्प्रिंगा ठरवायच्या. फेरे वाढले की वजनं बाहेर फेकली जात आणि टायमिंग पुढे सरकत असे. स्प्रिंग नरम घातली की ते लवकर सरके. हे सगळं डोळ्यांना दिसणारं आणि पान्याने उघडणारं होतं. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातली तरुण मुलं जुन्या फोर्ड गाड्या सोलून, त्यांचे जेट आणि कॅमशाफ्ट बदलून मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तलावांवर पळवत होती. त्यांच्या वेळा नीट मोजाव्यात म्हणून १९३७ मध्ये ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन झाली. घरगुती ट्यूनिंगच्या परंपरेत बदल करण्याइतकंच मोजमापालाही महत्त्व होतं, हे या नावावरूनच कळतं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं कोष्टक तर तेलात लिहिलेलं होतं. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइलमध्ये ‘हायड्रा-मॅटिक’ आणला. अशा गिअरबॉक्समध्ये गव्हर्नर नावाचा भाग गाडीच्या वेगाप्रमाणे तेलाचा दाब वाढवतो आणि थ्रॉटल व्हॉल्व्ह पायाच्या जोराप्रमाणे. हे दोन दाब एकाच छोट्या दट्ट्याला दोन टोकांनी ढकलतात. वेगाचा दाब वरचढ ठरला की वरचा गिअर पडतो, पायाचा ठरला की गाडी खालच्या गिअरमध्येच जोर लावते. असे दट्टे, त्यांच्या स्प्रिंगा आणि तेलाच्या वाटा ज्या ओतीव पाटात बसवतात त्याला व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात. त्यातली मधली पत्र्याची प्लेट काढून ठरावीक भोकं ड्रिलने थोडी मोठी करायची, स्प्रिंगा बदलायच्या, म्हणजे गिअर चटकन आणि घट्ट पडतो. अशी सामग्री ‘शिफ्ट किट’ म्हणून आजही विकली जाते.

या तेलाच्या कोष्टकात चूक झाली तर क्षमा नव्हती. १९८२ च्या मॉडेलपासून आलेल्या ‘७००आर४’ या गिअरबॉक्सला पायाचा जोर एका केबलवाटे कळायचा. केबल थोडी सैल राहिली की गिअरबॉक्सला वाटे, चालक हलकेच चालवतो आहे. मग तेलाचा दाब कमी राही, क्लच घसरत आणि जळत. चांगला गिअरबॉक्स एका सैल केबलपायी खलास झाल्याचे अनुभव त्या काळच्या मेकॅनिकांकडे भरपूर आहेत.

हवेसाठी आलेला डबा

पेट्रोल विजेच्या इशाऱ्यावर फवारायची कल्पना अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने १९५७ मध्ये ‘इलेक्ट्रोजेक्टर’ या नावाने जाहीर केली. १९५८ च्या मोजक्या क्रायस्लर गाड्यांवर ती बसलीही. त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक भागांना बॉनेटखालची उष्णता आणि ओल सोसली नाही, आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांवर पुन्हा कार्ब्युरेटर चढले. पेटंट पुढे जर्मनीच्या बॉशकडे गेली.

ही कल्पना पुन्हा उभी राहिली ती लॉस एंजेलिसच्या घुसमटीमुळे. शहरावर पसरणारं डोळे चुरचुरवणारं धुकं कशाने तयार होतं, हे कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकात उलगडून दाखवलं: गाड्यांमधून आणि तेलशुद्धीकरणातून सुटणारी हायड्रोकार्बन्स, नायट्रोजनची ऑक्साइड्स आणि वर तळपणारं ऊन. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ‘एअर रिसोर्सेस बोर्ड’ स्थापन झालं. त्याच वर्षी बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ यंत्रणा फोक्सवॅगन १६०० वर अमेरिकेत उतरली. तिच्या डब्यात संगणक नव्हता, ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर होते. मॅनिफोल्डचा दाब मोजायचा आणि त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवायचं, हे तिचं तत्त्व. ते पुढे घरगुती डब्यांत जसंच्या तसं भेटणार आहे.

१९७० च्या ‘क्लीन एअर ॲक्ट’ने गाड्यांचा धूर जवळजवळ ९० टक्क्यांनी खाली आणायला सांगितलं. त्यासाठी आलेल्या तिहेरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची एक अट होती. हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण १४.७ ला १ या आकड्याच्या अगदी जवळ राहिलं, तरच तो तिन्ही विषारी वायू एकाच वेळी निकामी करतो. पितळी जेटला एवढा नेमकेपणा सतत सांभाळता येत नाही. म्हणून एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आला. बॉशचा हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांवर प्रथम बसवला. १९७७ च्या ओल्ड्समोबाइल टोरोनाडोमध्ये ठिणगीची वेळ मायक्रोप्रोसेसर ठरवू लागला. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय मधल्या ‘मोट्रॉनिक’ने पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एका डब्यात आणली.

६००० फेऱ्यांना क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. ठिणगी एका अंशाच्या हिशेबाने पाडायची, तर निर्णय मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात व्हायला हवा. हे काम स्प्रिंगेकडून काढून घेतलं गेलं ते योग्यच झालं. शहरांची हवा त्यामुळे सुधारली. पण त्या बदलात एक गोष्ट हातची गेली. आतापर्यंत बॉनेट उघडलं की समोर दिसणारं कोष्टक आता सीलबंद ॲल्युमिनियमच्या डब्यात, आकड्यांच्या रूपात जाऊन बसलं. आणि ते आकडे काय आहेत, हे कंपनी सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

काचेची खिडकी असलेली चिप

डब्याला पहिली फट पडली ती चिपमुळे. १९८० च्या दशकात कोष्टकं बहुधा ईप्रॉम जातीच्या चिपमध्ये साठवलेली असत. या चिपच्या पाठीवर क्वार्ट्झ काचेची छोटी खिडकी असते, आणि तिच्यावर उजेड जाऊ नये म्हणून चिकटपट्टी. पट्टी काढून चिप अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवली की सगळी माहिती पुसली जाते. मग साध्या प्रोग्रॅमरने तीत नवी माहिती लिहिता येते. जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत ही चिप सॉकेटमध्ये बसवलेली होती, म्हणजे उपसून काढता येत होती.

उपसणं सोपं होतं, वाचणं कठीण. पडद्यावर येत ते सोळाच्या पायातले हजारो आकडे, एकामागून एक, कसलंही नाव नसलेले. त्यात ठिणगीचं कोष्टक कुठे सुरू होतं? शोधणाऱ्यांनी चिकाटीने वाटा काढल्या. आकड्यांचा आलेख काढला, की खऱ्या कोष्टकाचा पृष्ठभाग टेकडीसारखा सलग चढतो-उतरतो, बाकीचा मजकूर मात्र खाचखळग्यांचा दिसतो. मग एक आकडा बदलायचा, चिप परत बसवायची, टायमिंग लाइटने क्रँकच्या पुलीवरची खूण बघायची. शेवटी सगळ्या आकड्यांची बेरीज, म्हणजे चेकसम, जुळवायची, नाहीतर डबा चिप नाकारतो. अशा शोधांतून एकेका डब्याचा नकाशा तयार झाला, आणि तो फुकट वाटला गेला.

फोर्डच्या ‘ईईसी-४’ डब्याला वेगळी फट होती. त्याच्या मागच्या बाजूला, कारखान्यातल्या चाचणीसाठी, ‘जे३’ नावाची जोडणी ठेवलेली होती. तिच्या तांब्याच्या पट्ट्यांवर संरक्षक लेप असे. घरचे कारागीर तो लेप हलक्या हाताने खरवडून पट्ट्या स्वच्छ करत आणि तिथे स्वतःची चिप लावत. डबा मग कारखान्याचं कोष्टक सोडून या नव्या चिपचं ऐकत असे.

गिअरबॉक्सच्या दोन तारा

एव्हाना गिअरबॉक्सही विजेवर आला होता. रेनोने १९६९ मध्येच ‘१६ टीए’ गाडीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणलं होतं, पण घरगुती कारागिरांच्या दृष्टीने खरा बदल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा. जनरल मोटर्सचा जड ‘४एल८०-ई’ १९९१ ला आला, आणि ७००आर४ चा वंशज ‘४एल६०-ई’ १९९३ च्या मॉडेलांपासून सर्रास दिसू लागला. सैल केबलची जागा सोलेनॉइडने घेतली.

४एल६०-ई चं गणित जवळून बघण्यासारखं आहे. गिअर निवडायला दोन सोलेनॉइड पुरतात. दोन्ही चालू म्हणजे पहिला, फक्त दुसरा चालू म्हणजे दुसरा, दोन्ही बंद म्हणजे तिसरा, फक्त पहिला चालू म्हणजे चौथा. दोन तारांत चार गिअर बसले. तेलाचा दाब सांभाळणारा सोलेनॉइड वेगळा आहे आणि त्याचं काम मुद्दाम उलटं ठेवलेलं आहे. त्यातून सुमारे १.१ अँपिअर प्रवाह गेला की दाब सर्वांत कमी, आणि प्रवाह शून्य झाला की दाब सर्वांत जास्त. म्हणजे चालत्या गाडीत तार तुटली, फ्यूज उडाला, तरी गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबाने घट्ट राहतो. गाडी सुस्त चालते, गिअरला धक्का बसतो, पण क्लच जळत नाहीत आणि माणूस घरी पोहोचतो. हे ज्या अभियंत्यांनी योजलं, त्यांनी बिघाडाचा विचार आधी केला होता. घरी नवा डबा जोडणाऱ्याने सर्वांत आधी शिकायचा धडा हाच आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स आता एकमेकांशी बोलूही लागले होते. गिअर पडण्याच्या क्षणी इंजिनाचा डबा ठिणगी थोडी मागे घेतो, जोर क्षणभर उतरतो, क्लच न घसरता पकड घेतो. त्यामुळे यापुढे एकाला हात लावायचा तर दुसराही समजून घेणं भाग होतं.

घरी सोल्डर केलेला मेंदू

तोपर्यंतचे लोक कंपनीच्या डब्यात स्वतःचे आकडे घालत होते. २००१ मध्ये ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकी अभियंत्यांनी डबाच नवा केला. ‘मेगास्क्वर्ट’ हा इंजिन चालवणारा संगणक सुट्या भागांच्या किटच्या रूपात मिळू लागला. मोटोरोलाचा एक स्वस्त आठ-बिट मायक्रोकंट्रोलर, मूठभर रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, एक दाबाचा सेन्सर. सोल्डरिंग गन नीट धरता येणाऱ्या माणसाने चार निवांत संध्याकाळी बसून तो जोडावा, आणि त्याचं गणित पुस्तिकेत सविस्तर समजावून दिलेलं असावं, अशी ही योजना होती.

ते गणित डी-जेट्रॉनिकच्याच वंशातलं. पूर्ण भरलेल्या सिलिंडरला किती पेट्रोल लागेल, तो आकडा एकदाच काढून ठेवायचा. त्याला मॅनिफोल्डच्या दाबाने गुणायचं, कोष्टकातल्या टक्केवारीने गुणायचं, हवेच्या आणि पाण्याच्या तापमानाच्या दुरुस्त्या लावायच्या. शेवटी इंजेक्टरला उघडायला लागणारा साधारण एक मिलिसेकंद मिळवायचा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीवर इंजेक्शन बसवणाऱ्यांना यातून वाट मिळाली. पहिल्या आवृत्तीचं कोष्टक ८ बाय ८ चं होतं. पुढच्या आवृत्तीचं १२ बाय १२ चं झालं, तेच आपण सुरुवातीला पाहिलं.

पुढे त्याच दोघांनी गिअरबॉक्ससाठी ‘मेगाशिफ्ट’ तयार केला. सुरुवातीचा रोख ४एल६०-ई वर होता. वेग एकीकडे, इंजिनावरचा भार दुसरीकडे, आणि घराघरांत गिअरचा आकडा. १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये दट्ट्याच्या दोन टोकांना ढकलणारे हेच ते दोन दाब. ६० हून अधिक वर्षांनंतर ते आकडे होऊन पडद्यावर आले होते. पुढे ऑस्ट्रेलियातल्या जॉश स्ट्युअर्ट यांनी ‘स्पीडुइनो’ उभा केला. शाळकरी मुलं ज्यावर दिवे लुकलुकवायला शिकतात, त्या आर्डुइनो कुटुंबातल्या मेगा बोर्डावर तो इंजिन चालवतो, आणि त्याची रचना आणि कोड सगळ्यांसाठी खुला आहे.

घरगुती ट्यूनिंगला शिस्त आणली ती मात्र वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरने. साधा सेन्सर फक्त मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (पेट्रोल कमी) एवढंच सांगतो. वाइडबँड नेमकं प्रमाण आकड्यात सांगतो. पूर्वी मेकॅनिक स्पार्क प्लगचा रंग बघून अंदाज बांधायचा. आता घरचा माणूसही चढणीवर, भाराखाली, कोणत्या घरात मिश्रण किती आहे ते लिहून ठेवू शकतो. लीन मिश्रणाने पिस्टन वितळण्याआधीच त्याला धोका दिसतो.

कुलूप

अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ‘ओबीडी-२’ सॉकेट सक्तीचं झालं. चिपची जागा फ्लॅश मेमरीने घेतली. डबा न उघडता, याच सॉकेटमधून कोष्टकं बदलता येऊ लागली. कंपन्यांनी आधी सांकेतिक किल्ल्या घातल्या, पुढे डिजिटल सह्या. १९९८ च्या कॉपीराइट कायद्याने सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणं बेकायदा ठरवलं, मग ते स्वतःच्या गाडीतलं का असेना. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारने गाडीची तपासणी, दुरुस्ती आणि कायदेशीर फेरबदल यांसाठी त्यात सवलत दिली. काही वाहन कंपन्यांचा तिला विरोध होता. प्रदूषणाचे नियम पाळण्याची अट त्या सवलतीत होतीच.

नेमक्या त्याच हंगामात फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चमूने डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टला फिरतं यंत्र जोडून रस्त्यावर मोजणी केली होती. नायट्रोजनची ऑक्साइड्स मर्यादेच्या कित्येक पट निघाली. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेने कंपनीवर जाहीर ठपका ठेवला. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर होतं.

पण ते सॉफ्टवेअर करत काय होतं? फेलिक्स डोम्के या जर्मन संगणकतज्ज्ञाकडे स्वतःची फोक्सवॅगन शरान होती. त्यांनी तशाच गाडीचा डबा विकत घेतला, त्यातला कोड बाहेर काढला आणि वाचला. त्यात वेळ आणि अंतर यांची काही वळणं सापडली. गाडी सुरू झाल्यापासून किती सेकंदांत किती अंतर कापलं, हे डबा तपासत होता. ते सरकारी चाचणीच्या मार्गाशी जुळलं, तर धूर स्वच्छ करणारं द्रावण योग्य मात्रेत फवारलं जाई. जुळलं नाही, म्हणजे गाडी खऱ्या रस्त्यावर आहे असं दिसलं, की मात्रा कमी. डिसेंबर २०१५ मध्ये हॅम्बुर्गमधल्या एका परिषदेत त्यांनी हे सगळ्यांसमोर मांडलं.

या मागोव्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी घटना ही आहे. बेनामी आकड्यांत कोष्टक ओळखण्याची जी विद्या चिपच्या काळात गॅरेजांतून वाढली, तिनेच इथे कंपनीची लबाडी तिच्याच आकड्यांतून उघडी केली. डबा पूर्ण बंद असता तर यंत्राने धूर मोजला असता, पण हेतू दिसला नसता.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०२० मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेने हिशेब मांडला, की दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची धूर-नियंत्रण यंत्रणा काढून टाकली गेली. तेही कोष्टकं बदलूनच. काळा धूर सोडण्यात मर्दुमकी मानणाऱ्यांनी ही विद्या बदनाम केली, आणि खुल्या डब्याच्या विरोधकांच्या हाती आयतं कारण दिलं.

चाकणचं इंजिन

आपल्याकडे डबा सर्रास झाला तो न्यायालयाच्या आदेशाने. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातल्या नव्या मोटारींना युरो मानकं ठरावीक मुदतीत पाळायला लावली, आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरले. कारण लॉस एंजेलिसचंच होतं: शहराची हवा. आज पुण्या-मुंबईत रीमॅप करून, म्हणजे डब्यातली कोष्टकं बदलून देणारे पुष्कळ आहेत. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत मनमानी फेरबदल करू देत नाही. पण पेट्रोल गाडीची पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी, उभ्या गाडीवर होते. भाराखालच्या घरांत कोणी काय लिहून ठेवलं आहे, ते तिला दिसत नाही.

ही विद्या नीट शिकण्याची जागा मात्र आपल्याकडे आहे. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेच्या नियमानुसार पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या गळ्यातूनच आत गेली पाहिजे. चाकणला बनलेलं ३७३ सीसीचं मोटरसायकल इंजिन अशा गाडीत बसवलं, की कारखान्याचं कोष्टक लागू पडत नाही, कारण इंजिनाचं श्वास घेणंच बदललेलं असतं. मग पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींना प्रोग्रॅम करता येणारा डबा लावून, वाइडबँडकडे बघत, एकेक घर भरावं लागतं. ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर येत नाही. चुकीचा आकडा तिथे इंजिनाला महाग पडतो, गावाच्या हवेला पडत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या गाडीतलं कोष्टक वाचण्याचा हक्क प्रत्येक मालकाला असावा आणि कोणत्याही कंपनीने ते कुलपाआड ठेवू नये. लिहिण्याचा हक्क मात्र मोजण्याच्या जबाबदारीसकट यावा. हा डबा हवा स्वच्छ राहावी म्हणून गाडीत आला आहे. म्हणून आकडा बदलणाऱ्याने गाडी पळते कशी याच्याइतकंच एक्झॉस्टमधून काय बाहेर पडतं, तेही भाराखाली मोजून दाखवावं. पीयूसीच्या तपासणीतही असं मोजमाप आणावं, आणि ते कारखान्यातून आलेल्या गाडीला आणि गॅरेजमधून आलेल्या गाडीला सारखंच लागू करावं.